जिनांतील व मळणी यंत्रांवरील गोंगाट कसा कमी करावा?

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग सर्वांच्या परिचयाचे आहेत. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव या पट्ट्यात कपाशीचे पीक आणि त्याच्या जोडीला सरकी काढण्याचे कारखाने. घाटावर चिखली, मेहकर, लोणार या बाजूस सोयाबीन, तूर, हरभरा आणि त्यांच्या मळणीची यंत्रे. पिके निराळी व हंगामही निराळे. तथापि एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच आढळते. सुगी आली की यंत्रे सुरू होतात आणि त्यांच्याजवळ काम करणाऱ्या माणसांना एकमेकांशी ओरडून बोलावे लागते.

हा गोंगाट कामाबरोबर यावयाचाच, त्याला इलाज नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत महाग पडणारी आहे. गोंगाटाने गेलेली ऐकण्याची शक्ती कोणत्याही औषधाने वा शस्त्रक्रियेने परत येत नाही. परंतु ती जाऊ न देणे बहुतांशी आपल्या हाती असते, आणि त्याचे पुष्कळसे उपाय पाना, वंगण व कामाची नीट आखणी एवढ्यावर होण्यासारखे आहेत. जिनिंग कारखान्याचे चालक, मळणी यंत्रांचे मालक, तेथे राबणारे मजूर बंधू-भगिनी व गावपातळीवरील कार्यकर्ते या सर्वांच्या उपयोगी पडावी, या हेतूने ही माहिती येथे देत आहोत.

कापसाच्या पाठोपाठ आलेला गोंगाट

पूर्वी वऱ्हाडात हाताने फिरवावयाच्या चरकीवर कापसातील सरकी वेगळी करीत. चरकीजवळ बसून गप्पागोष्टी करता येत असत. पुढे कापसाचा व्यापार वाढला. १८७० साली जलंब ते खामगाव ही आगगाडीची शाखा कापसाच्या वाहतुकीसाठी सुरू झाली व तिचे उद्घाटन त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी केले. रेल्वेमार्गालगतच्या गावांतून सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे यांत्रिक कारखाने उभे राहिले. प्रारंभी ते वाफेवर चालत. कालांतराने वाफ जाऊन वीज आली. गोंगाट मात्र कायम राहिला.

आज आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दुहेरी रुळांची जिन यंत्रे वापरतात. त्यांचे मूळ तत्त्व १८४० साली अमेरिकेत फोन्स मॅकार्थी यांनी तयार केलेल्या यंत्राचे आहे. फिरणारे रूळ कापसाच्या तंतूंना धरून स्थिर पात्याखालून ओढतात आणि पुढेमागे झोके घेणारे दुसरे पाते सरकीवर ठोके मारून ती तंतूंपासून सोडविते. असे ठोके प्रत्येक यंत्रात मिनिटाला शेकडो पडतात, आणि एकेका छपराखाली अशी यंत्रे रांगेने उभी असतात. त्यात दंतचक्रांची घरघर, कापूस व रुई वाहून नेणाऱ्या पंख्यांचा घोंघाट आणि नळ्यांच्या पत्र्यांची थरथर मिसळते. वर पत्र्याचे छप्पर, बाजूला उघड्या भिंती व खाली टणक फरशी असल्यामुळे आवाज शोषला न जाता पुन्हा पुन्हा आदळत राहतो.

शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील दहा जिनिंग कारखान्यांत आवाजाची मोजणी व कामगारांच्या कानांची तपासणी करण्यात आली होती. तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. त्या कारखान्यांत कामाच्या जागी ८९ ते १०६ डेसिबल इतका आवाज आढळला आणि कामगारांच्या ऐकण्यावर त्याचा परिणाम झालेला दिसून आला. तेथील यंत्रे, पीक व कामाची पद्धत आपल्याकडच्यासारखीच असल्याने हे आकडे आपणही लक्षात घेण्याजोगे आहेत.

डेसिबलचा हिशेब

धान्य किलोने तोलतात तसा आवाज डेसिबलने मोजतात. पण त्याचा हिशेब वेगळा आहे. दहा किलोत दहा मिळविले की वीस किलो होतात. आवाजाचे तसे नाही. एका यंत्राशेजारी तेवढ्याच आवाजाचे दुसरे यंत्र लावले, तर आवाज दुप्पट डेसिबल न होता ३ डेसिबलने वाढतो. याचाच अर्थ असा की, दर ३ डेसिबलला कानावर येणारी आवाजाची शक्ती दुप्पट होते आणि दर १० डेसिबलला ती दहापट होते. ९० आणि १०० डेसिबल यांत केवळ दहाचाच फरक आहे असे वाटते. परंतु कानाला मात्र दहापट मारा सोसावा लागतो.

नेहमीच्या बोलण्याचा आवाज सुमारे ६० डेसिबल असतो. केबिन नसलेला ट्रॅक्टर भारावर चालत असता चालकाच्या कानाजवळ ९० डेसिबलच्या वर आवाज असणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे. आवाज मोजण्याचे यंत्र प्रत्येक गावी मिळणे शक्य नाही. त्याकरिता एक सोपी कसोटी ध्यानात ठेवावी. दोन माणसांनी हातभर अंतरावर, म्हणजे सुमारे तीन फुटांवर, समोरासमोर उभे राहावे. एवढ्या जवळूनही ओरडल्याशिवाय बोलणे कळत नसेल, तर तेथील आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून अधिक आहे आणि ती जागा कानांस धोक्याची आहे असे समजावे.

कान कसा निकामी होतो?

कानाच्या आत शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यात अत्यंत सूक्ष्म केस असलेल्या पेशींच्या ओळी असतात. प्रत्येक कानात अशा पेशी सुमारे पंधरा हजार असतात. आवाजाच्या लाटांनी हे केस हालतात व त्यांची वर्दी मेंदूला पोहोचते. वाऱ्याने शेतातील पीक डोलते व वारा पडला की पुन्हा उभे राहते. परंतु सोसाट्याच्या वादळात ते आडवे होते. या पेशींचेही तसेच घडते. थोडा वेळ मोठा आवाज ऐकला तर त्या थकतात व विश्रांती मिळाल्यावर सावरतात. रोज तासन्‌तास मारा होत राहिला तर त्या कायमच्या मरतात. पडलेल्या पिकाच्या जागी पुढील हंगामी दुसरे पीक घेता येते; माणसाच्या कानातील या पेशी मात्र पुन्हा उगवत नाहीत.

हे नुकसान ओळखू येण्यास कठीण असते, कारण त्यात वेदना होत नाहीत व ते एका दिवसात होत नाही. पहिली खूण अशी की, पाळी संपवून घरी आल्यावर कानांत गुणगुण किंवा शिटी वाजल्याचा भास होतो आणि दडे बसल्यासारखे वाटते. सकाळपर्यंत हे सारे नाहीसे होते, म्हणून मनुष्य तिकडे दुर्लक्ष करतो. वस्तुतः ही कानाने दिलेली सूचना असते. पुढे ही गुणगुण सकाळीही जात नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. गोंगाटाने सर्व प्रकारचे आवाज सारखेच ऐकू येईनासे होत नाहीत. प्रथम उंच पट्टीचे आवाज जातात. बोलण्यातील स, श, च, त, फ यांसारखी व्यंजने, तसेच स्त्रिया व लहान मुले यांचे बोलणे यांवर पहिला आघात होतो. जाड, खालच्या पट्टीचा आवाज ऐकू येत राहतो. त्यामुळे कोणी तरी बोलत आहे हे कळते, पण काय बोलत आहे ते कळत नाही. ‘पाच’ व ‘पास’, ‘सात’ व ‘साठ’ यांतील भेद पुसट होतो. बाजार समितीच्या लिलावात पुकारलेला भाव नीट कळत नाही. घरी नातवाने हाक मारली तर ऐकू येत नाही आणि घरच्या माणसांना वाटते की, हे मुद्दामच लक्ष देत नाहीत. वय चाळिशीचे असताना हे सुरू झाले तरी लोक ‘म्हातारपण आले’ असे म्हणून मोकळे होतात. गावात बहिरेपणाची थट्टा होते, म्हणून पुष्कळ जण ते लपवितात व चारचौघांत बसणे टाळू लागतात. ज्याच्या घामाने कापसाच्या गाठी बांधल्या गेल्या, त्याने असे आपल्याच माणसांत एकटे पडावे, ही खेदाची गोष्ट आहे.

याखेरीज गोंगाटाने झोप बिघडते, चिडचिड वाढते, रक्तदाबावर परिणाम होतो आणि कामात चुका होतात. अपघाताचा धोका तर प्रत्यक्षच असतो. मळणी यंत्राच्या तोंडाशी पेंढ्या घालणाऱ्याचा हात ओढला गेला आणि त्याने ‘बंद करा’ म्हणून आरडाओरड केली, तरी ट्रॅक्टरजवळ उभ्या असलेल्या माणसाला ती ऐकू जात नाही.

गोंगाटामुळे कान बिघडतात हे ज्ञान नवे नाही. कामकऱ्यांच्या रोगांविषयी लिहिणारे इटालियन वैद्य रामाझिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच, अखंड हातोडे चालविणाऱ्या तांबटांचे कान निकामी होतात हे नोंदवून ठेवले होते. त्यानंतर तीन शतके लोटली. तांबटाच्या हातोड्याची जागा जिनाच्या पात्याने घेतली, एवढाच काय तो फरक.

किती वेळ किती आवाज चालेल?

आपल्या देशातील कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास ही मर्यादा धरण्यात आली. त्या हिशेबाने ९५ डेसिबलला चार तास, १०० ला दोन तास, १०५ ला एक तास आणि ११० ला अर्धा तास एवढेच काम करावे. ११५ च्या वर उघड्या कानांनी मुळीच करू नये. पाळी बारा तासांची असेल तर आठ तासांची मर्यादा तिला लागू पडत नाही; तिच्यासाठी सुमारे ८७ डेसिबल हीच सीमा ठरते.

अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संशोधन संस्थेची शिफारस याहून कडक आहे. तिच्या मते आठ तासांसाठी ८५ डेसिबल पुरे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा. ही शिफारस मानली तर १०० डेसिबलच्या जागी पंधरा मिनिटेच थांबणे योग्य ठरते. जळगावकडील मोजणीत आढळलेला १०६ डेसिबलचा आवाज पहिल्या हिशेबाने एक तासदेखील सोसण्याजोगा नाही. दुसऱ्या हिशेबाने तर चार मिनिटेही नाही. मनुष्य मात्र तेथे हंगामभर उभा असतो.

पहिला उपाय: आवाज जेथे उत्पन्न होतो तेथेच तो रोखणे

गोंगाटावरील उपायांचा क्रम ठरलेला आहे. आधी आवाजाचे मूळ, मग त्याची वाट आणि सर्वांत शेवटी माणसाचा कान. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा लावतात, म्हणून यश येत नाही.

हंगाम सुरू होण्यापूर्वीच प्रत्येक जिनाची तपासणी करावी. सैल पडलेले नट-बोल्ट आवळावेत. झिजलेली बेअरिंगे व दंतचक्रे बदलावीत. वंगण वेळेवर व ठरल्याप्रमाणेच घालावे. पाती व रूळ यांच्यातील अंतर फिटरकडून बरोबर लावून घ्यावे. नेहमीचा आवाज बदलून खडखड ऐकू येऊ लागली तर यंत्रात काही तरी झिजत आहे असे समजावे. दुर्लक्ष केल्यास पुढे यंत्र मोडते व ऐन हंगामात काम बंद पडते. तेव्हा कानांसाठी केलेली ही दुरुस्ती मालकाच्या तिजोरीचेही रक्षण करते.

यंत्राचा पाया पक्का असावा व त्याखाली रबराच्या जाड गाद्या बसवाव्यात, म्हणजे थरथर जमिनीत व भिंतींत जात नाही. पंखा व पत्र्याची नळी यांच्या जोडावर कॅनव्हासचा लवचीक तुकडा बसवावा. यंत्रावरील पत्र्याची झाकणे सैल असतील तर ती ढोलासारखी वाजतात. ती घट्ट करावीत व त्यांच्या कडांना रबरी पट्टी लावावी.

पंख्यांकडे विशेष लक्ष द्यावे. पंख्याचा वेग एक पंचमांशाने कमी केला तर त्याचा आवाज सुमारे ५ डेसिबलने उतरतो आणि त्याला लागणारी वीज जवळजवळ निम्मी होते. हवाही तितक्या प्रमाणात, म्हणजे एक पंचमांशाने, कमी होते. म्हणून कापूस नळीत अडकणार नाही ना, याची जाणकाराकडून खात्री करून घ्यावी. परंतु पुष्कळ ठिकाणी पंखे गरजेपेक्षा अधिक वेगाने फिरत असतात आणि तेथे ही दुरुस्ती दुहेरी लाभाची ठरते.

दुसरा उपाय: आवाजाची वाट अडविणे

डिझेल जनित्र, हवेचा कॉम्प्रेसर व मोठे पंखे यांना जिनघरात ठेवण्याचे कारण नसते. त्यांच्यासाठी बाहेर विटांची वेगळी खोली बांधावी. आवाज अडविण्यासाठी जड भिंत लागते. पत्रा किंवा पातळ फळी त्या कामी येत नाही. भिंत जाड असूनही दारात फट राहिली तर आवाज तेथूनच बाहेर येतो, हे लक्षात ठेवावे. मात्र यंत्राला थंड राहण्यास हवा लागते. त्याकरिता हवेची वाट एकदोन वळणे देऊन काढावी.

छपराखाली घुमणारा आवाज शोषून घेण्यासाठी खनिज लोकरीच्या पट्ट्या भोकाच्या पत्र्यामागे बसवितात. काही जण त्याऐवजी रुई भरलेल्या गोण्या किंवा जुनी पोती टांगण्याचा विचार करतात. जिनिंग कारखान्यात असे कदापि करू नये. तेथे आगीचे भय नेहमीचेच असते आणि अशी गोणी आगीला आमंत्रण ठरते.

अंतर हाही एक बिनखर्ची उपाय आहे. उघड्या जागेत यंत्रापासूनचे अंतर दुप्पट केले तर आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो. बंद छपराखाली हा लाभ कमी मिळतो. तरीही कापूस निवडणे, तोलणे, हिशेब लिहिणे, पोती शिवणे ही कामे जिनांच्या रांगेलगत करण्याची गरज नसते. ती दुसऱ्या छपराखाली हलवावीत. जेवणाची व विश्रांतीची जागाही दूर असावी. त्या अर्ध्या तासात तरी कानांस विसावा मिळाला पाहिजे.

येथे एका गोष्टीचा विशेष उल्लेख करणे आवश्यक आहे. कामावर येणाऱ्या मजूर भगिनी पुष्कळदा तान्हे मूल बरोबर आणतात आणि जिनघराच्या कोपऱ्यात झोळी बांधतात. मूल झोपले म्हणजे त्याला त्रास होत नाही असे वाटते. परंतु झोपलेल्या मुलाच्या कानांचे दरवाजे बंद नसतात. शिवाय तेथे रुईची धूळही असते. बोलणे शिकण्याच्या वयात ऐकण्यात उणीव आली तर मुलाच्या भाषेवर व पुढे शिक्षणावर परिणाम होतो. मुलांसाठी गोंगाटापासून दूर, सावलीची व स्वच्छ खोली देणे आणि मातेला अधूनमधून तेथे जाऊ देणे हे प्रत्येक मालकाने आपले कर्तव्य मानावे.

तिसरा उपाय: कामाची आखणी

जेथे आवाज फारसा कमी करता येत नाही, तेथे माणसाचा तेथील वेळ कमी करावा. जिनांवर काम करणारा व बाहेर गाठी मोजणारा यांनी अर्ध्या दिवसाने जागा बदलाव्यात. जेथे सर्वांत अधिक गोंगाट आहे अशा जागी ज्याची गरज नाही त्याने उगीच उभे राहू नये. जागेवर ‘येथे कान झाकून काम करावे’ अशी मराठीत मोठी पाटी लावावी व शेजारी कान झाकल्याचे चित्र काढावे, म्हणजे वाचता न येणाऱ्यासही समजेल.

चौथा उपाय: कानांवरील साधने

कापसाच्या कारखान्यातील मजूर बहुधा समोरचाच रुईचा बोळा कानात घालतो. सुका कापूस आवाज फारसा अडवीत नाही. त्यामुळे खोटा भरवसा मात्र निर्माण होतो. फोमच्या बुचांची किंमत अल्प आहे व नीट बसविल्यास ती उपयोगी पडतात. हात स्वच्छ धुवावेत. बूच बोटांत वळून बारीक करावे, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढावा, बूच आत सरकवावे आणि ते फुगेपर्यंत सुमारे अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावे. मळलेले बूच फेकून द्यावे. कान वाहत असेल तर बूच घालू नये व डॉक्टरांना दाखवावे. कानात तेल किंवा काडी घालण्याची सवय सर्वथा सोडावी.

कान झाकणाऱ्या कर्णटोप्या अधिक टिकाऊ असतात. परंतु त्यांच्या गादीखाली रुमाल, पदर किंवा पागोट्याचा पेच आला तर फट राहते व उपयोग कमी होतो. प्रथम कर्णटोपी कानांवर बसवावी आणि मग वरून रुमाल बांधावा.

एक हिशेब सर्वांनी पाठ करावा असा आहे. आवाज ३० डेसिबलने कमी करणारे साधन आठ तासांपैकी अर्धा तास जरी काढून ठेवले, तरी वर सांगितलेल्या कडक शिफारशीच्या हिशेबाने दिवसभराचे एकूण संरक्षण सुमारे १२ डेसिबलवर येते. साडेसात तासांची काळजी अर्ध्या तासात वाया जाते. म्हणून साधन उत्तम असण्यापेक्षा ते सहज सोसवेल व सतत वापरले जाईल असे असणे महत्त्वाचे. मुकादमाने व मालकाने स्वतः ते घातल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. मग इतरांस सांगावे लागत नाही.

मळणी यंत्र व ट्रॅक्टर

आपल्या शेतावरची मळणी काही तासांत उरकते. पण यंत्राबरोबर गावोगाव फिरणारी टोळी सोयाबीनपासून हरभऱ्यापर्यंत हेच काम करीत असते. धोका तिला सर्वांत अधिक आहे. यास्तव यंत्रमालकांनी टोळीतील प्रत्येकास कानांची साधने द्यावीत आणि पेंढ्या घालणाऱ्यांची ठरावीक वेळाने अदलाबदल करावी.

मळणीच्या पिपाचा वेग पिकाप्रमाणे ठेवावा. काम लवकर उरकावे म्हणून तो वाढविला की गोंगाट वाढतो व दाणाही फुटतो. सोयाबीनचे साल नाजूक असते. बियाण्यासाठी ठेवावयाचे सोयाबीन वेगाने मळले तर वरून चांगले दिसणारे दाणेही आतून दुखावतात व पेरल्यावर उगवत नाहीत. वेग आवरला तर कान व बियाणे दोन्ही वाचतात.

यंत्र मांडताना भुशाचे तोंड माणसांच्या विरुद्ध दिशेस व वाऱ्याच्या रोखाने ठेवावे. ट्रॅक्टर किंवा डिझेल इंजिन यांचा सायलेन्सर गळका असेल तर बदलावा. सायलेन्सर काढल्याने जोर वाढतो अशा समजुतीने तो काढून टाकणे गैर आहे. ट्रॅक्टरवर गाणी लावणाऱ्या तरुणांनी ध्यानात घ्यावे की, इंजिनाच्या वरताण गाणे ऐकू यावयाचे तर गाण्याचा आवाज त्याहूनही मोठा करावा लागतो. म्हणजे कानांवर दुहेरी ओझे पडते.

काम सुरू करण्यापूर्वी टोळीने हातांच्या खुणा ठरवून घ्याव्यात. ‘थांबा’, ‘हळू’, ‘बंद करा’ यांच्या खुणा सर्वांना ठाऊक असाव्यात आणि यंत्र बंद करणाऱ्याची नजर नेहमी पेंढ्या घालणाऱ्याकडे असावी.

तपासणी व कायदा

गोंगाटाने येणारा बहिरेपणा हा व्यवसायजन्य रोग आहे व कायद्याने तो मानला आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० हिच्या तिसऱ्या अनुसूचीत त्याची नोंद आहे आणि असा रुग्ण आढळल्यास डॉक्टरांनी तो शासनाच्या संबंधित अधिकाऱ्यास कळविणे अपेक्षित आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिनेही गोंगाटामुळे येणारा श्रवणदोष भरपाईयोग्य रोगांत धरला आहे.

तथापि हंगामी मजुराला या तरतुदींचा लाभ मिळणे अवघड जाते. तो ठेकेदारामार्फत येतो, हजेरीपटावर त्याचे नाव नसते, आणि कामास लागण्यापूर्वी त्याचे कान कसे होते याचा कागदही नसतो. म्हणून पहिल्या हंगामाच्या आरंभीच श्रवणमापन करून घ्यावे व त्याचा कागद जपून ठेवावा. पुढे दरवर्षी तपासणी केल्यास फरक वेळीच कळतो. तपासणीपूर्वी निदान एक रात्र व शक्य तर सुटीचा पूर्ण दिवस कान गोंगाटापासून दूर असावेत. नाही तर थकलेल्या कानांचे माप चुकते. बहिरेपणाच्या प्रतिबंधासाठी राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू झाला. तपासणीविषयी जवळच्या शासकीय रुग्णालयात चौकशी करावी. ऐकू कमी येत असल्यास लाजू नये. श्रवणयंत्राने पुष्कळांस मदत होते. मात्र श्रवणयंत्र मेलेल्या पेशी जिवंत करीत नाही, हेही विसरू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती

कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील गोंगाटाच्या जागांची एक यादी करावी: जिनिंग कारखाना, डाळ मिल, तेलघाणी, पिठाची गिरणी, मळणी यंत्रे. प्रत्येक ठिकाणी हातभर अंतराची कसोटी घेऊन पाहावी. हंगामापूर्वी मालक व मजूर यांची एकत्र सभा बोलवावी; केवळ मजुरांना उपदेश केल्याने यंत्राचे बेअरिंग बदलत नाही. फोमचे बूच कसे घालावे हे प्रत्यक्ष करून दाखवावे. ज्यांच्या कानांत गुणगुण होते, अशांची नावे आरोग्य केंद्रास कळवावीत. पिठाच्या गिरणीवरील माणसास विसरू नये. तो एकटा असतो आणि हंगाम न पाहता वर्षभर त्याच आवाजात उभा राहतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, कपाशीवर कीड दिसली की आपण दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. कानांची ही कीड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिची दखल अधिक तत्परतेने घेतली पाहिजे. या हंगामात निदान तीन गोष्टी कराव्यात: यंत्र सुरू होण्यापूर्वी त्याची खडखड काढावी, लहान मुलांना त्याच्यापासून दूर ठेवावे आणि जेथे ओरडून बोलावे लागते तेथे कान झाकल्याशिवाय उभे राहू नये. हंगाम संपल्यावर मजुरीचे पैसे जसे घरी न्यावयाचे, तसे कानही धडधाकट घरी नेले पाहिजेत.